पंचवीसच्या आत

मिक्सरचं भांडं गळत होतं म्हणून मी त्या दुकानात गेले होते. तुळजापुरात बसस्थानकाकडून खाली उतरताना ते दुकान लागतं. पूर्वी तिथं नुसते पंखे, मिक्सर आणि इस्त्र्या असायच्या. आता दारात विजेवरच्या स्कूटरची रांग उभी असते. दुकानदार एका गिऱ्हाइकाला सांगत होता, "ह्याला लायसन लागत न्हाय, नंबर लागत न्हाय, इन्शुरन्स लागत न्हाय. पोरीबाळी, म्हातारीकोतारी, कुणालाबी चालतंय."

गिऱ्हाईक गेलं. मी मिक्सर काउंटरवर ठेवला आणि विचारलं, "लायसन लागत नाही म्हणजे? कुणी मागत नाही, का खरंच लागत नाही?"

"खरंच लागत न्हाय, मॅडम. ही पंचवीसच्या वर पळतच न्हाय. सरकार हिला गाडी धरतच न्हाय."

तेवढं ऐकून मी घरी आले. मिक्सर तिथंच राहिला, हे दुसऱ्या दिवशी चटणी वाटायला घेतली तेव्हा लक्षात आलं.

माझी पन्नाशी तेव्हा उलटली होती आणि मी साधी सायकलसुद्धा कधी चालवली नव्हती. सातवीत असताना शाळेत प्रार्थनेच्या वेळी मला पहिली फिट आली. मला त्यातलं एवढंच आठवतं की पोटातून काहीतरी गरम वर चढत आलं आणि तोंडात पितळी पेल्यातल्या शिळ्या पाण्यासारखी चव आली. नंतर डोळे उघडले तर सगळी शाळा गोल करून उभी होती आणि माझे वडील, जे त्याच शाळेत शिक्षक होते, माझा परकर सारखा करत होते.

त्या दिवसापासून आईनं माझा दंड धरला. रस्त्यानं चालताना तिची बोटं माझ्या कोपराच्या वर रुतलेली असायची. कॉलेजला ती बरोबर यायची आणि तास सुटेपर्यंत बाहेर पायरीवर गहू निवडत बसायची. विहीर नको, गच्ची नको, चूल नको, सायकल तर नकोच. स्थळं आली, वडील पहिल्याच भेटीत खरं सांगून टाकायचे आणि माणसं चहा पिऊन जायची. पुढं वडिलांच्याच शाळेत मला कार्यालयात कारकुनाची नोकरी मिळाली. वर्गात नको, असं संस्थेचं म्हणणं होतं, आणि ते मला पटलंही होतं.

लायसनचा प्रयत्न एकदा झाला होता. दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, तेव्हा नवी स्कूटी घेतली होती आणि त्याच्या मनात आलं की हिलाही शिकवावं. आम्ही दोघं धाराशिवला आरटीओत गेलो. टेबलामागच्या साहेबांनी विचारलं, "फिट, चक्कर, शुद्ध हरपणं असं काही आहे का?" सगळ्यांनाच विचारतात तो प्रश्न. दादानं माझ्याकडं बघून 'नाही म्हण' अशी मान किंचित हलवली. मी म्हणाले, "आहे." साहेबांनी पेन खाली ठेवलं. ते चांगले होते, आवाज चढवला नाही. म्हणाले, "मग ताई, मला देता येत नाही." परतीच्या एसटीत दादा खिडकीबाहेर बघत बसला. घरी आल्यावर आई म्हणाली, "बरं झालं," आणि भाकरी थापायला लागली.

नंतर औषध बदललं आणि फिट थांबल्या. वर्षं गेली तरी आली नाही. सकाळी एक गोळी, रात्री एक गोळी. पण आईच्या बोटांना ते कुणी सांगितलं नाही. ती ऐंशीची झाली, तिला दिसेनासं झालं, तरी माझा दंड धरूनच चालायची. शेवटी शेवटी कोण कुणाला धरून चालतंय ते कळत नव्हतं. ती गेली. दादा-वहिनी पुण्याहून आले, दिवसपाणी केलं. निघताना दादा म्हणाला, "येतेस का आमच्याकडं?" मी नको म्हणाले. त्यानं पुन्हा विचारलं नाही. त्यानंतर मी पहिल्यांदा एकटी भाजीला गेले तेव्हा दंडाला वारा लागत होता. ते सुख होतं का दुसरंच काही, हे मला अजून सांगता येत नाही.

शाळा गावाबाहेर, नळदुर्गच्या रस्त्याला. आई होती तोवर आम्ही दोघी रिक्षानं जायचो. ती मला सोडून त्याच रिक्षानं परत यायची. आता मी रिक्षाची वाट बघत एकटी उभी राहायची. मंगळवारी, शुक्रवारी आणि पौर्णिमेला सगळ्या रिक्षा देवळाकडं भाविकांना घेऊन पळायच्या. माझ्यासमोर कुणी थांबायचं नाही. म्हणून स्कूटरचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

पण मला कायद्यानं न विचारलेला प्रश्न तर होताच. तो घेऊन मी सोलापूरला माझ्या मेंदूच्या डॉक्टरांकडं गेले. म्हातारे डॉक्टर; माझी फाइल त्यांच्या टेबलावर पिवळी पडलेली. त्यांना सगळं सांगितलं.

ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "लायसनच्या कागदावर मी सही केली नसती. इथं माझी सहीच कुणी मागत नाही. हा नियम कसा झाला माहितीये? अशी हळू गाडी धडकली तर समोरच्याचं फारसं नुकसान होणार नाही, असा हिशोब आहे तो. तुमचं काय होईल याचा नाही. तुमच्या मागून येणाऱ्या ट्रकला तुमची गाडी पंचवीसची आहे हे माहीत नसतं."

"म्हणजे नको घेऊ?"

"नको म्हणायला पाहिजे खरं तर." त्यांनी फाइल मिटली. "इतक्या वर्षांत तुम्ही माझ्याकडं स्वतःहून कधी काही मागितलं नाहीत. हेल्मेट घालायचं, नियमात नसलं तरी. मोठ्या रस्त्याच्या अगदी कडेनं. गोळी चुकली, झोप मोडली, ताप आला, उपास केला, तर त्या दिवशी गाडीला हात लावायचा नाही. नवरात्रात तर अजिबातच नाही. आधी ती चव आली तर त्या सेकंदाला थांबायचं. आणि निघताना कुणाला तरी सांगून निघायचं."

मी हो म्हणाले. येताना एसटीत बसल्यावर विचार करायला लागले, की सांगून निघायचं ते कुणाला?

त्या रात्री दादाला फोन केला. त्यानं टीव्हीचा आवाज बारीक केला. मग म्हणाला, "कायद्यानं चालत असेल तर घे बाई." त्याच्या आवाजात सुटल्यासारखं वाटलं मला. ठरलं असं की निघताना मी त्याला मोबाइलवर 'निघाले' पाठवायचं आणि पोचल्यावर 'पोचले'. सुरुवातीला तो अंगठा पाठवायचा. पुढं नुसत्याच दोन निळ्या खुणा दिसायच्या.

स्कूटर घेतली, जांभळट रंगाची. दुकानदारानं तिच्याबरोबर गाड्या पास करणाऱ्या चाचणी संस्थेच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स दिली. म्हणाला, "कुणी अडवलं तर हे दाखवायचं." मी ती प्लास्टिकमध्ये घालून सीटखाली ठेवली.

चालवायला शिकवलं आमच्या शिपाई मावशींनी. त्यांना स्वतःला येत नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत शाळेचं मैदान रिकामं असायचं; मावशी कट्ट्यावर बसून सूचना करायच्या. "बाई, मान वर करा, चाकाकडं काय बघताव? चाक काय पळून जातंय व्हय?" मी पडायची. गुडघे फुटले, साडीला भोकं पडली, मग मी पंजाबी ड्रेस शिवून घेतले, तेही आयुष्यात पहिल्यांदा. एकदा मैदानाच्या भिंतीजवळून वळताना मला कळलं की आपण पडत नाहीये. पुढची फेरीही पडले नाही. मी फिरतच राहिले, थांबावंसंच वाटेना. शेवटी मावशी ओरडल्या, "बास करा की वो बाई! मला घरी जाऊन सैपाक करायचाय."

शाळा सुरू झाल्यावर मी स्कूटरवरून जायला लागले. हेल्मेट घातलेली मी आणि माझी ती हळू गाडी बघून लोक हसायचे. सगळे मला मागं टाकून जायचे: मोटारसायकली, टमटम, उसाचे ट्रॅक्टर, एकदा तर लग्नाच्या वरातीची घोडी. एका चौकात पोलिसानं हात केला. "नंबर कुठाय?" मी कागद दाखवला. त्यानं उलटसुलट वाचला, आपल्या साहेबाला फोन लावला, मग म्हणाला, "जावा. तुम्हाला काय इचारायचंच न्हाय म्हणं आमी."

एका रविवारी मी काहीच काम नसताना निघाले. दादाला 'निघाले' पाठवलं, कुठं ते लिहिलं नाही; मलाच माहीत नव्हतं. नळदुर्ग रस्त्यानं शाळेच्या पुढं गेले, मग एका कच्च्या रस्त्याला वळले. दोन्ही बाजूंना तूर उभी होती, फुलोऱ्यावर आलेली. एका ताडमाड उंच पवनचक्कीच्या खाली गाडी लावली आणि बसले. वरचं पातं फिरताना सावली जमिनीवरून सरकत यायची, माझ्या अंगावरून जायची. मी कुठं आहे हे त्या घटकेला जगात कुणालाही माहीत नव्हतं. शाळकरी मुलगी होते तेव्हापासून मला हेच हवं होतं. आईची बोटं दंडात रुतलेली असताना मी डोळे मिटून हाच विचार करायची, की एकदा तरी असं कुठंतरी असावं जिथं कुणी बघत नाही. आणि आता तसं झालं तर मी मोबाइल काढून बघितला; कुणाचा फोन आलेला नव्हता. थोडा वेळ तशीच बसले. बरोबर आणलेला डबा उघडलासुद्धा नाही. मग परत फिरले. 'पोचले' पाठवलं. दोन निळ्या खुणा आल्या.

तरी मी पुढच्या रविवारी पुन्हा गेले, आणि त्याच्या पुढच्याही. सवय लागते.

मग सर्व्हिसिंगचं ते प्रकरण झालं. ब्रेक सैल वाटत होते म्हणून गाडी दुकानात दिली. संध्याकाळी आणायला गेले तर तिथला मिस्त्री, चांगल्या मनाचा गडी, हसून म्हणाला, "मॅडम, पिकअप वाढवून दिलाय. आता मागं न्हाय राहणार तुम्ही." मला वाटलं काहीतरी तेलपाणी केलं असेल. मी मान डोलावली.

गावातल्या गर्दीत कळलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेच्या रस्त्याला लागल्यावर मूठ नेहमीसारखी पिरगाळली आणि गाडी अशी सुटली की हेल्मेटमध्ये वारा घोंघावायला लागला. काटा चाळिसाच्या पुढं गेला होता. मी घाबरून मूठ सोडली. उद्याच दुकानात जाऊन पूर्वीसारखी करून घ्यायची असं ठरवून मी कडेकडेनं, मूठ जेमतेम धरून चालले होते, तर शाळेच्या अलीकडच्या फाट्यावर आरटीओची गाडी उभी.

त्या दिवशी ते नेमक्या विजेच्या स्कूटरच तपासत होते. अधिकारी बाई होत्या, खाकी कपड्यातल्या, पस्तिशीच्या. माझा कागद त्यांनी नीट वाचला आणि हाताखालच्या माणसाला म्हणाल्या, "एक चक्कर मारून आणा." तो माझी स्कूटर घेऊन गेला आणि येताना लांबूनच ओरडला, "मॅडम, चव्वेचाळीस!"

बाई माझ्याकडं वळल्या. "वेग अडवणारी वायर कापून घेतलीय तुम्ही. आता ही सवलतीतली गाडी राहिली नाही, मोटार वाहन झाली. नोंदणी दाखवा, विमा दाखवा, लायसन दाखवा."

"मी नाही कापून घेतली. मिस्त्रीनं केलंय, मला न विचारता. मी उद्या नीट करून घेणारच होते."

"सगळे हेच सांगतात. बरं, लायसन तरी आहे का?"

"नाही."

"मग काढून घ्यायचं. शिकलेल्या दिसता."

"मला मिळत नाही."

"का मिळत नाही?"

माझ्यामागं आणखी दहाबारा स्कूटरवाले रांगेत थांबले होते. कॉलेजच्या पोरी, एक दूधवाला, आमच्याच शाळेतल्या एका मुलाचे वडील. मी खोटं बोलू शकले असते; डोळे कमजोर आहेत म्हणाले असते. पण धाराशिवच्या त्या टेबलासमोर जसं तोंडातून आलं तसंच आताही आलं. "मला फिट येत होत्या," मी म्हणाले. "आता येत नाहीत. गोळ्या चालू आहेत."

माझ्या अगदी मागं उभी असलेली पोरगी एक पाऊल मागं सरकली. तिनं मुद्दाम केलं नसेल. पण मला ते पाठीलासुद्धा कळलं.

अधिकारी बाईंनी मला त्यांच्या गाडीच्या पलीकडं नेलं. आवाज खाली आणला. "मॅडम, मला गाडी जप्त करावीच लागेल. तुमचं कारण खरं असलं तरी." मग त्यांनी समजावून सांगितलं, जसं कुणी शिकवताना सांगतं तसं. मोटर अडीचशे वॅटच्या आत, वेग पंचवीसच्या आत, बॅटरी सोडून वजन साठ किलोच्या आत, आणि मॉडेलला चाचणी संस्थेची मान्यता. एवढं सगळं जुळलं तर कायद्याच्या लेखी ते मोटार वाहन नाही, आणि मग तिचा चालक कोण, त्याची तब्येत कशी, हे आम्ही विचारत नाही. ह्यातलं एक जरी मोडलं तरी सगळंच विचारावं लागतं. "आणि तुम्हाला विचारलं की काय होतं ते तुम्हीच बघितलंत," त्या म्हणाल्या.

माझी स्कूटर टेम्पोत चढवली, दोरीनं बांधली. मी हेल्मेट हातात धरून शाळेपर्यंत चालत गेले. त्या दिवशी मी दादाला 'पोचले' पाठवायचं विसरले. त्याचा फोन आला नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. मी भांडखोर नाही. आमच्या घरात भांडणं आईनंच केली. पण त्या दिवशी माझा आवाज रस्त्यापर्यंत गेला. दुकानदार म्हणाला, "अवो मॅडम, सगळेच करून घेतात. उलट लोक मागं लागतात आमच्या."

"त्यांना लायसन मिळतं," मी म्हणाले. "त्यांची ही गाडी गेली तर ते दुसरी घेतील. मला पंचवीसच्या आतलीच मिळते. तुम्ही माझी तेवढीच गाडी मोडलीत."

मिस्त्री खाली मान घालून उभा होता. त्याला माझ्याबद्दल काही माहीत नव्हतं. त्यानं भल्यासाठीच केलं होतं, हे मला दिसत होतं. तरी मी हटले नाही. शेवटी दुकानदार, मिस्त्री आणि मी असे तिघं धाराशिवला गेलो. आरटीओच्या मागच्या आवारात धूळ खात पडलेल्या गाड्यांत माझी जांभळट स्कूटर होती. मिस्त्रीनं तिथंच उन्हात बसून ती कापलेली वायर पुन्हा जोडली. दंड झाला तो दुकानदारानं मुकाट्यानं भरला. त्याच अधिकारी बाईंनी पुन्हा फेरी मारायला लावली, काटा पंचवीसपाशी येऊन थांबला.

कागद हातात देताना त्यांनी विचारलं, "येण्याआधी कळतं का तुम्हाला?"

"कळायचं," मी म्हणाले. "तोंडात चव यायची."

"एकट्याच राहता?"

मी होकारार्थी मान हलवली. त्या काहीतरी बोलणार होत्या, पण मागून कुणीतरी हाक मारली आणि त्या गेल्या.

पुढचा हिवाळा नीट गेला. शाळेतल्या काहीजणांना माझं कळलं होतं. आधी जे मला बघून हेल्मेटवर विनोद करायचे ते आता करत नव्हते. मला विनोदच बरे वाटायचे.

उन्हाळ्याच्या तोंडाला मला ताप आला. तीन-चार दिवस मी गाडीला हात लावला नाही. ताप उतरला, अंगात थोडी कणकण होती, पण रविवार होता आणि घरात बसून बसून भिंती अंगावर येत होत्या. डॉक्टरांनी तापात नको म्हटलं होतं. ताप तर गेला होता. मी निघाले.

कच्च्या रस्त्यावर, एका लिंबाच्या झाडाच्या जवळ, ती चव आली. इतक्या वर्षांनी आली तरी मी ती एका क्षणात ओळखली. मला भीती वाटायलाही वेळ नव्हता. ब्रेक दाबला, गाडी कडेला पाडली तशीच, आणि रस्त्यापासून जितकं लांब जाता येईल तितकं चालत गेले. लिंबाच्या बुंध्याला हात लागला. खाली बसले. हेल्मेट काढू नये एवढं सुचलं.

डोळे उघडले तेव्हा हेल्मेट बाजूला काढून ठेवलेलं होतं, माझं डोकं कुणाच्यातरी मांडीवर होतं आणि नाकाशी फोडलेला कांदा होता. एक बाई माझ्या तोंडावरून पदर फिरवत होती. तिचा नवरा बाजूला पाण्याची कळशी घेऊन उभा होता. शेजारच्या रानात ते ज्वारी काढत होते; गाडी आडवी पडलेली बघून आले.

"आल्या, आल्या शुद्धीवर," बाई म्हणाली. "घाबरू नगासा. लई येळ झाला न्हाय. कुठल्या वो तुम्ही?"

मी गावाचं नाव सांगितलं. जीभ दाताखाली आली होती, बोलताना दुखत होतं.

"घरी कोण हाय? कुणाला फोन लावू सांगा."

तिनं माझा मोबाइल हातात घेतला होता आणि माझ्या तोंडाकडं बघत होती. मला उत्तर देता येईना. फिटनंतर नावं आठवत नाहीत, ते मला माहीत आहे. पण हे तसं नव्हतं. दादाचं नाव मला आठवत होतं. तो पुण्यात होता, रविवारी दुपारी जेवून झोपला असेल. त्याला फोन लावून तो काय करणार होता? दुसरं कोण? ती बाई पुन्हा म्हणाली, "कुणीतरी असंलच की वो." तेव्हा मला रडू फुटलं. फिट आल्यामुळं मी कधी रडले नव्हते.

मग शिपाई मावशींचा नंबर सांगितला. मावशी त्यांच्या जावयाची रिक्षा घेऊन आल्या. उतरल्या उतरल्या त्यांनी माझे कपडे झटकले. त्या शेतकऱ्यानं स्कूटर ढकलत त्याच्या खोपटाजवळ नेऊन लावली; दुसऱ्या दिवशी मावशींच्या सुनेनं ती घरी आणली.

सोलापूरला डॉक्टरांनी गोळीचं प्रमाण वाढवलं. "तापानं झालं असेल," ते म्हणाले. गाडीचं त्यांनी विचारलं नाही. मीच म्हणाले, "आता नाही चालवणार." त्यांनी मान हलवली आणि फाइलमध्ये लिहायला लागले.

मला कुणीच अडवलं नसतं. कागद सीटखाली तसाच होता, मोटर अडीचशेच्या आत, वेग पंचवीसच्या आत. दुसऱ्या सकाळी उठून मी त्याच पोलिसासमोरून गेले असते तर त्यानं हातही केला नसता. पण मी त्या झाडाखाली बसले तेव्हा मागून उसाचा ट्रॅक्टर येत नव्हता, समोरून सायकलवरची पोरं येत नव्हती, एवढंच माझं नशीब. हे मला माहीत होतं आणि दुसऱ्या कुणाला माहीत असायची गरज नव्हती. दादाला मी फिटचं सांगितलंच नाही. नुसतं म्हणाले, रिक्षा परवडते आता. तो म्हणाला, "बरं झालं."

स्कूटर मावशींच्या सुनेला दिली. ती अंगणवाडीत मदतनीस आहे, तिला रोज दोन वाड्या फिराव्या लागतात. देताना मी हेल्मेट घालायची अट घातली. ती म्हणाली, "पण बाई, ह्याला लागत न्हाय की." मी म्हणाले, "मला माहीत आहे लागत नाही. तू घाल."

त्या नवरा-बायकोचे आभार मानायचे राहिले होते. सुट्टी लागल्यावर मी बाजारातून एक नऊवारी पातळ आणि पेढे घेतले आणि एसटीनं निघाले. कच्च्या रस्त्याच्या फाट्यावर उतरायला लागले तर कंडक्टर म्हणाले, "इथं काय न्हाय मॅडम, गाव पुढं हाय." मी म्हणाले इथंच. फाट्यापासून झाडापर्यंत उन्हातून चालत जायला बराच वेळ लागला. गाडीवरून ते अंतर कधी जाणवलं नव्हतं.

रान मोकळं झालं होतं, कडब्याच्या गंजीसुद्धा उचलल्या होत्या. खोपट होतं, पण दाराला तारेनं बांधलेलं होतं. आत चूल थंड, राख उडालेली. लांबच्या बांधावर एक म्हातारा शेळ्या चारत होता, त्याला विचारलं. "ती व्हय? दुसऱ्याचं रान वाट्यानं करत हुती ती माणसं. वाटणी झाली, गेली आपल्या गावाला."

"कुठलं गाव?"

"कुणाला ठावं. सास्तुराकडचं कुठलंतरी हुतं म्हणं."

"नाव काय त्यांचं?"

त्यानं डोकं खाजवलं. मलाही त्या दिवशी विचारायचं सुचलं नव्हतं. पेढे म्हाताऱ्याला दिले. त्यानं एक खाल्ला आणि बाकीचे धोतराच्या सोग्यात बांधले. मी फाट्यावर येऊन एसटीची वाट बघत उभी राहिले. एक गाडी भरलेली होती, थांबली नाही. दुसरी बऱ्याच वेळानं आली.

पातळ अजून कपाटात आहे, घडी न मोडलेलं. त्या बाईचं तोंड मला नीट आठवत नाही. शुद्धीवर येताना सगळं धूसर असतं. उद्या बाजारात समोरून आली तरी मी ओळखणार नाही. तिच्या मांडीची ऊब तेवढी आठवते, आणि लुगड्याला येणारा ज्वारीच्या धाटांचा वास.